फवारणाऱ्याचा हात

धडगावच्या उतारावर माझा मिरचीचा लहानसा मळा आहे. काही वर्षांपूर्वी त्यात चुरडामुरडा शिरला. पानं वाटीसारखी वळली, शेंडे आखडले. विकतचं औषध मारायचं नाही असा माझा निश्चय होता. म्हणून तंबाखू उकळून अर्क केला आणि उघड्या हातांनी, बिनबाह्यांच्या बनियनवर फवारला. घरचंच तर आहे, मग भीती कसली? तासाभरात घाम सुटला, डोकं गरगरू लागलं, उलट्या झाल्या. घरच्यांनी साबणाने अंग धुऊन, कपडे बदलून मला दवाखान्यात नेलं. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात उतरतं, हे तिथे कळलं.

तेव्हापासून ‘सेंद्रिय सुरक्षित असतं’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुणासाठी? खाणाऱ्यासाठी, मातीसाठी, की फवारणाऱ्यासाठी?

खाणाऱ्याचं बघा. २०११ साली जर्मनीत एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांतून ई. कोलाय जिवाणू पसरला आणि ५० हून अधिक माणसं दगावली. माग मेथीच्या बियांपर्यंत गेला. तिथे कीटकनाशकाचा संबंधच नव्हता. असे जिवाणू शेणातूनही येऊ शकतात, म्हणून मी कच्चं शेण भाजीला घालत नाही, पूर्ण कुजल्याशिवाय खताला हात लावत नाही.

मातीचं बघा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. पण त्यातलं तांबं कुजत नाही. दरवर्षी मारलं तर ते जमिनीत साठत जातं.

आणि फवारणारा? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत अंगावर येणारा तो फवारा आठवला की मला माझी ती सकाळ आठवते. मी वाचलो. ते आपल्या लेकरांसाठी राबताना गेले.

म्हणून माझा कल आजही सेंद्रियाकडेच आहे, पण नावावर विश्वास ठेवून नाही. चूक झालीच तर ती कितीला पडेल, हे मी आधी पाहतो. मिरचीभोवती मक्याच्या दोन ओळी लावतो, म्हणजे मावा आणि पांढरी माशी आधी तिथे अडखळते. पिवळे चिकट सापळे टांगतो. कीड दिसलीच तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो. तंबाखू पुन्हा उकळला नाही. निंबोळीलासुद्धा हातमोजे आणि तोंडाला फडकं असतंच.

शेजारच्या दादांचं घर सगळं त्यांच्या मिरचीवर चालतं. ते औषध आणतात, तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. डब्यावरच्या चौकोनाचा रंग दोघं मिळून पाहतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, तेही वाचतो.

बाजारात गिऱ्हाईक विचारतं, “औषध मारलेली नाही ना?” मी वही उघडतो. काय मारलं, कधी मारलं, किती दिवसांनी तोडली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवतो आणि मगच तराजू उचलतो.