पितळ कुठून येतं?

शनिवारी रात्री जेवण झालं की मी खाली घरमालकांच्या बेसमेंटमध्ये जातो. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. घरमालक चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटे. रायफलीतून उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ते फेकत नाहीत. साफ करतात, मापात आणतात आणि पुन्हा भरतात. इकडे हा कायदेशीर आणि चांगलाच रुळलेला छंद आहे.

माझं काम वही सांभाळायचं. पुंगळीला मी हात लावत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीही येते आणि माझ्यासारख्या एच-वन-बीवाल्याला, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, ती बाळगता येत नाही. म्हणून ते मापं सांगतात, मी लिहितो. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला एवढं जमतं.

काम दिसायला सोपं आहे. गोळी उडते तेव्हा आतल्या दाबानं पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. ती परत मापात यावी म्हणून तेलाचं बोट लावून डायमधून दाबून काढतात. या फुगण्या-दाबण्यात पितळ पुढे सरकतं आणि मान लांब होते. .३०८ विंचेस्टरची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच चालते. त्यापुढे गेली तर मानेचं टोक चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात अडकतं, गोळीला आवळून धरतं आणि दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून हातानं फिरवायच्या छोट्या लेथवर ती २.००५ ला आणायची. मग तोंडाची आतली-बाहेरची बर काढायची. एका पुंगळीला मिनिटभर. पन्नास पुंगळ्या म्हणजे एक संध्याकाळ.

आमची रात्र म्हणजे पुण्यात रविवारची सकाळ. त्या दिवशी साडेनऊला बाबांचा व्हिडिओ कॉल आला. आमचे कॉल ठरलेले असतात: जेवलास का, थंडी किती, आई देवळात गेलीय. आठ मिनिटांत संपतात. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाले. १८६९ सालचा कारखाना. तिथलं काम घरी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता आणि मीही कधी विचारलं नाही. शाळेत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ लिहायचो.

मागे टेबलावरची रांग दिसली तसे बाबा थांबले. “ते काय आहे? जवळ घे कॅमेरा.”

मी फोन टेबलाकडे वळवला. घरमालकांनी हसून एक पुंगळी दिव्याखाली धरली.

“कितव्यांदा भरतायत?”

मी वही पाहिली. “सहाव्यांदा. प्रत्येक वेळी ट्रिम केलीय. सगळ्या मापात आहेत बाबा, थाऊपर्यंत.”

“लांबी नको सांगू. बुडाच्या जरा वर बघ, चकचकीत कडं दिसतंय. त्यांना म्हणावं, बारीक तार टोकाला वाकवा आणि आतून भिंतीवरून ओढत आणा.”

मी इंग्रजीत सांगितलं. घरमालकांनी पेपरक्लिप सरळ केली, टोक वाकवलं, आत घातलं. वर ओढताना एका जागी हात अडला. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तिथेच. त्यांचं हसू गेलं.

“खाच आहे,” मी म्हणालो.

“असणारच. पितळ काय नवीन येतं का? आहे तेवढंच असतं. तोंडाशी वाढलं म्हणजे बुडाशी कमी झालं. तुम्ही वरून कापत राहिलात, माप बरोबर येत राहिलं. पुढच्या बाराला बूड तुटून वेगळं झालं असतं आणि गरम वायू मागं आला असता, तोंडावर.”

घरमालकांनी उरलेल्या सगळ्या पुंगळ्या तारेनं तपासल्या. पन्नासातल्या अकरा निघाल्या. कोणी चुकून भरू नयेत म्हणून प्रत्येकीचं तोंड त्यांनी पकडीनं चेपलं आणि भंगाराच्या डब्यात टाकली. शेवटी त्यांनी फोनकडे बघून मान झुकवली. बाबांनीही झुकवली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

मी वहीत नवा रकाना आखला: ‘बूड’. सहा वेळा मी लांबी लिहिली होती, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत, आणि सगळं ठीक आहे असं समजून चाललो होतो.

फोन अजून चालू होता. चाळीस मिनिटं झाली होती. मला माझी कॉलेजची चार वर्षं आठवली. बाबा रात्री उशिरा यायचे, जेवता जेवता पेंगायचे. माझी फी मात्र एकदाही चुकली नाही.

“बाबा, त्या चार वर्षांत तुम्ही ओव्हरटाइम किती केलात?”

ते चष्मा पुसत होते.

“त्याची वही नाही ठेवली,” ते म्हणाले. “तू जेवलास का?”