आधी तोल, मग आभाळ

परभणी जिल्ह्यात मुलांना रिमोटवरची मॉडेल विमानं बांधायला नि उडवायला शिकवताना एक गोष्ट मी कायम सांगत आलो आहे. विमान हवेत नीट चालणार की नाही, हे ते हातातून सुटण्याआधीच ठरलेलं असतं. वारा, मोटर, उडवणाऱ्याचं कसब हे सगळं नंतरचं. आधी तोल.

शिकाऊ मुलांसाठी साधारण १.४ मीटर पंखपसाऱ्याचं, १,२०० ग्रॅम वजनाचं फोमचं विमान चांगलं. त्याच्या पंखाची रुंदी २२ सेंटिमीटर धरू. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून, रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर यावा लागतो. पहिल्या उड्डाणासाठी मी ६ सेंटिमीटरवर दोन्ही पंखांखाली पेनाने खूण करतो. बॅटरी जागेवर, झाकण लावलेलं, प्रोपेलर बसवलेला, म्हणजे उडताना जे जे असेल ते सगळं ठेवून त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचलायचं. नाक अगदी किंचित खाली झुकलं तर उत्तम. कापसाची गाडी मागून जड झाली की उलाळ होते, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. मागून जड विमानही तसंच नाक वर काढतं, वेग गमावतं आणि सावरायला अवधी देत नाही. नाकाने थोडं जड विमान सुस्त उडतं, पण परत येतं.

नाक हलकं वाटलं तरी शिसं लावायची घाई नको. १८० ग्रॅमची बॅटरी ३ सेंटिमीटर पुढे सरकवली, तर या विमानाचा तोल साडेचार मिलिमीटर पुढे येतो. उलट शेपटीच्या दुरुस्तीत १० ग्रॅम गोंद जास्त गेला, तर तो गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटर मागे बसतो आणि त्याची भरपाई करायला २० सेंटिमीटर पुढे असलेल्या नाकात ३५ ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीकडे हात आखडताच ठेवायचा.

मग आडवा तोल. मोटरचा दांडा आणि शेपटीचं टोक धरून विमान उचललं की जड पंख खाली जातो. हलक्या पंखाच्या टोकाला एखादं नाणं चिकटवलं की बहुधा भागतं.

यानंतर प्रोपेलर काढून ठेवायचा, ट्रान्समीटर सुरू करायचा आणि मगच विमानाची बॅटरी जोडायची. ट्रिम, म्हणजे बारीक फरक करायची बटणं, शून्यावर असताना पाती हलवणाऱ्या सर्व्होचा हात तारेशी काटकोनात हवा आणि शेपटीवरचा एलिव्हेटर, पंखांवरचे एलेरॉन सपाट हवेत. वाकडे दिसले तर तारेची लांबी बदलून सरळ करायचे, ट्रिमने झाकायचे नाहीत. मग विमानाच्या मागे उभं राहून दिशा तपासायच्या. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. उलटा जोडलेला एलेरॉन जमिनीवर लगेच दिसतो. हवेत तो कळेपर्यंत विमान गेलेलं असतं. शेवटी मोटर हळू चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर आपोआप थांबली पाहिजे.

इथल्या जमिनीचे आणि हवेचे हिशेब वेगळे आहेत. हरभरा निघाल्यावर काळी माती भेगाळते, चाकांवर धाव घेता येत नाही, विमान हाताने सोडावं लागतं. तेव्हा वेग कमी आणि जमीन जवळ, त्यामुळे तोलाची चूक तिथेच सर्वांत महाग पडते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. १० अंशांच्या हिवाळी पहाटेपेक्षा इथली उन्हाळी दुपारची हवा सुमारे १० टक्के विरळ असते, आणि विमान तरंगतं ठेवायला जवळपास ५ टक्के जास्त वेग लागतो. शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेला फोमचा पंख पिळवटूही शकतो. म्हणून उन्हाळ्यात मागून एक डोळा मिटून पंखाचा पीळ पाहिल्याशिवाय मी विमान सोडू देत नाही. उडवायची जागा सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे ना, हेही आधी पाहायचं.

तोलाचा शेवटचा निकाल मात्र हवाच देते. पुरेशा उंचीवर विमान ट्रिमने सरळ करायचं, मोटर मंद करून नाक ३० अंश खाली घालायचं आणि स्टिक मोकळी सोडायची. विमान हळूहळू सरळ झालं, तर तोल बरोबर. झटक्यात वर उसळलं, तर नाक जड. आणखी खाली घुसत गेलं, तर शेपूट जड. लगेच उतरवून बॅटरी सरकवायची.

हे शिक्षण आज जास्त गरजेचं आहे, कारण जिल्ह्यात ड्रोन आले आहेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या ‘नाहेप’ प्रकल्पातून शेतीतल्या ड्रोनवर काम झालं. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. फवारणीच्या ड्रोनची टाकी मधोमध असते, ती औषध संपत जाताना तोल सरकू नये म्हणून. पण बॅटरी चुकीच्या जागी बसली, तर ड्रोनमधला संगणक तो दोष झाकतो. जड बाजूच्या मोटरी जास्त फिरतात, तापतात, बॅटरी लवकर उतरते, आणि वरून ड्रोन स्थिरच दिसतो. साध्या मॉडेल विमानात असा मध्यस्थ नसतो. चूक जशी आहे तशी समोर येते.

म्हणून माझा आग्रह आहे, जिथे ड्रोन शिकवायचा तिथे आधी फोमचं एक विमान आणावं. मुलामुलींनी ते बोटांवर तोलावं, बॅटरी सरकवून पाहावी, प्रत्येक खूण वहीत नोंदवावी. वजन कुठे बसलं आहे हे ज्याच्या हाताला कळतं, तोच पुढे पडद्यावर सगळं ठीक दिसत असतानाही यंत्र थांबवून ते तपासायला घेतो.