पेन्सिलीने लिहिलेली मापे

आमच्या हातून आजवर पतंगदेखील धड उडालेला नाही. उत्तरायणाच्या दिवशी सारे बडोदे गच्चीवर लोटते, तेव्हा कोणाची तरी फिरकी धरून उभे राहणे एवढेच काम आमच्या वाट्याला येत असते. असे असता आमच्या तेरा वर्षांच्या नातीने नेमबाजीचा हट्ट धरला आणि तिची बंदूक जुळवून देण्याची कामगिरी आम्ही आपण होऊन अंगावर घेतली. निवृत्त माणसाचे असेच असते. हातात पान्हा आला, की आपण अजून उपयोगी आहोत अशी त्याची समजूत होते.

"मुलीच्या हाती बंदूक कशाला?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी टाकला. आम्ही तत्काळ गणेश वासुदेव मावळणकरांना साक्षीस बोलावले. लोकसभेचे हे पहिले सभापती १८८८ साली आमच्या याच बडोद्यात जन्मले. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि नवोदित नेमबाजांची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. सौभाग्यवती गप्प बसल्या. पटले म्हणून नव्हे. कुकरची शिट्टी झाली म्हणून.

क्लबातून एक वापरलेली एअर रायफल मिळाली. नियमाप्रमाणे तिचे वजन साडेपाच किलोच्या आत असावे लागते; परंतु तेरा वर्षांच्या खांद्याला चार किलोही पुष्कळच. तिच्या दस्त्यावर इतके स्क्रू होते, की आम्हांस परमानंद झाला. अ‍ॅलन की घेऊन आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. दस्त्याची लांबी, गाल टेकण्याच्या पट्टीची उंची, खांद्याला लागणाऱ्या बटप्लेटचा कोन, सारे काही जुळवले. रायफल खांद्याला लावून पाहिली. झकास बसली.

दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आजोबा, मान दुखते."

"सवय होईल," आम्ही म्हणालो.

आठवडाभर ती पोर त्या रायफलीशी झगडत होती. आम्ही मागे उभे राहून प्रत्येक नेमानंतर, "दोन क्लिक डावीकडे," "एक खाली," असे सांगत होतो आणि ती निमूटपणे साईट फिरवीत होती. छर्रे कागदावर विखुरतच राहिले. अखेर शिकवणाऱ्या बाईंनी रायफल हाती घेतली, सगळे स्क्रू सैल केले आणि शांतपणे विचारले, "काका, ही कोणाच्या मापाने जुळवली?"

उत्तर आमच्या तोंडावर लिहिलेले असावे. कारण त्या पुढे बोलल्या नाहीत.

मग त्यांनी आधी नातीला उभी केले. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवले. भार हाडांनी पेलायचा, स्नायूंनी नव्हे. मान सरळ. "डोळे मीट, गाल टेक, आता उघड." डोळा मागच्या साईटच्या छिद्रासमोर आला नाही, तेव्हा त्यांनी पट्टी वर केली; मान खाली केली नाही. दस्ता दोन बोटे आखूड झाला. जादा वजने निघाली. पुढच्या साईटमधली बारीक रिंग काढून मोठी बसवली. काळ्या वर्तुळाभोवती पांढरा काठ मोकळा दिसला, म्हणजे नवखा डोळा शिणत नाही. पुन्हा डोळे मिटवून दोन श्वास घ्यायला लावले. उघडले तेव्हा नळी लक्ष्याच्या उजवीकडे होती. "हाताने ओढू नकोस, पाय सरकव," बाई म्हणाल्या. आणि साईटला हात लावायचा तो पाच छर्रे मारून त्यांचा घोळका कोठे पडला ते पाहिल्यावरच. एकेका छर्र्यामागे धावणे म्हणजे मुलाच्या प्रत्येक चुकीला नवा नियम काढणे.

हे शेवटचे वाक्य बाईंचे नव्हे, आमचे आहे. घरी परतताना सुचले. स्वतःच्या मापाची वस्तू दुसऱ्याच्या खांद्यावर चढवून वर "सवय होईल" म्हणण्याचा हा आमचा पहिलाच प्रसंग नव्हता, हेही त्याच वाटेवर आठवले. तिच्या बापाला कोणत्या शाखेत घातले होते, ते येथे सांगत नाही.

पहिल्या स्पर्धेच्या दिवशी आम्ही मागच्या खुर्चीवर बसलो होतो. दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका. साठ नेम, पाऊण तास अधिक अर्धा तास. त्याआधी सरावाची पंधरा मिनिटे. पहिले पाच छर्रे डावीकडे, वर पडले. आमच्या जिभेवर "क्लिक" हा शब्द येऊन थांबला, कारण मागून बोलण्याची मनाई होती. नातीने रायफल टेकवली, थोडा विचार केला आणि साईटकडे न जाता उजवा पाय किंचित सरकवला. पुढचे पाच मधोमध गेले. त्या क्षणी आपली कोणालाही गरज नाही, हे ध्यानात येऊन आम्हांस जो आनंद झाला, त्यात थोडी कळही होती, हे कबूल करतो.

तिला ५६१.४ गुण मिळाले. पूर्ण गुण ६५४. क्रमांक सांगण्यासारखा नव्हता. तिने वहीत गुण शाईने लिहिले आणि खाली दस्त्याची, पट्टीची, बटप्लेटची मापे लिहिली, ती मात्र पेन्सिलीने.

"असे का?" आम्ही विचारले.

"आजोबा, मी वाढते आहे ना!"

दिवाळीनंतर दस्ता अर्ध्या बोटाने लांब करावा लागला. स्क्रू तिने फिरवले. आम्ही अ‍ॅलन की धरून उभे होतो. फिरकी धरण्याची सवय अशी कामी आली.