झिलई

एखादी वस्तू चकाकू लागली, की तिच्यावर काहीतरी चढविले असावे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. भांड्याला कल्हई चढते, लाकडाला रोगण चढते, तशीच मोटारीच्या रंगावर झिलई चढत असेल, असे आम्हीही पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. हा समज २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, वसईतील आमच्या वडिलोपार्जित घराच्या अंगणात दूर झाला. त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली, ही खंत मात्र उरली आहे.

आमचे थोरले बंधू २०२३ साली निवर्तले. त्यांची गडद निळी मोटार वर्षभर मांडवाखाली उभी होती. वहिनींना ती चालविता येत नाही, पुतण्या परदेशी स्थायिक झालेला. तेव्हा ती विकावी असे ठरले. ‘‘भावजी, विकण्याआधी जरा चकचकीत करून घ्या, चार पैसे जास्त येतील,’’ असे वहिनी म्हणाल्या. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मोटारींच्या रंगकामाचा व्यवसाय करतो. त्याच्याकडे शब्द टाकताच तो सर्व साहित्य घेऊन आला आणि ‘‘फादर, तुम्हीच करून बघा की, मी शिकवतो,’’ असे म्हणून त्याने यंत्र आमच्या हाती दिले.

प्रथम त्याने आम्हांला रंगाचे अंतरंग समजावून दिले. पत्र्यावर अस्तराचे थर, त्यांवर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, अशी ही रचना असते. कारखान्यातून येणाऱ्या मोटारीवर हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यांपैकी वरचा लेप सुमारे ४० ते ५० मायक्रॉनांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनांच्या आसपास जाडीचा असतो. म्हणजे आम्ही ज्याच्यावर यंत्र चालविणार होतो, तो लेप केसाहूनही पातळ होता.

मग त्याने विजेरीचा झोत बॉनेटवर टाकला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणावे तसे असंख्य बारीक ओरखडे उमटले. ‘‘हे गोल नसतात, फादर. सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात.’’ हे कशाने पडले, या आमच्या प्रश्नावर तो उत्तरला, ‘‘पुसल्यानं. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की धुळीचे कणच कानशीसारखे काम करतात.’’

आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. अकरा वर्षे, रोज सकाळी, आमचे बंधू कोरडे फडके घेऊन ती मोटार पुसत. पहिल्या मिस्सेहून परतले की त्यांचे पहिले काम ते. त्यांनी जिवापाड जपलेल्या वस्तूवर त्यांच्या जपण्याचेच व्रण उमटले होते.

काम सुरू झाले. गाडी धुतली, हाताला खरखरीत लागणारे चिकट कण विशिष्ट मातीच्या गोळ्याने ओढून काढले, रबर व प्लास्टिकच्या कडांवर चिकटपट्टी लावली. स्पंजाच्या गोल गादीवर मलमाचे चार थेंब घेऊन आम्ही मोठ्या उत्साहाने कळ दाबली, आणि ते सारे आमच्या चष्म्यावर उडाले. आधी गादी पत्र्यावर टेकवायची, मग कळ दाबायची, हा पहिला धडा आम्ही असा गिरविला. दीड-दोन फुटांचा चौकोन आखून घ्यायचा, आधी आडवे आणि मग उभे फिरवायचे, गाडी उन्हात ठेवायची नाही, यंत्रावर भार द्यायचा नाही. हे यंत्र दुहेरी गतीचे होते; गादी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी डगमगत वर्तुळही घेते. फार दाबले तर तिचे फिरणे थांबते, म्हणून नवशिक्याच्या हाती ते त्यातल्या त्यात निर्धोक.

पहिला चौकोन पुसला, तेव्हा त्यात आंब्याची फांदी पानापानांनिशी दिसली. आम्ही लहान मुलासारखे हरखलो. ‘‘ओरखडे बुजले!’’ असे आम्ही म्हणताच तो तरुण हसला. ‘‘बुजत नाहीत, फादर. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेप आपण उतरवतो. प्रत्येक वेळी एखाद-दोन मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. म्हणून नख अडकेल अशा ओरखड्याला हात लावायचा नाही.’’ सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘अभाव’ या विषयावर आम्ही बरेच लिहिले होते. चकाकी हाही एक अभावच आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

नख अडकेल असा ओरखडा त्या गाडीवर एकच होता, डाव्या मागच्या दारावर. २०२२ च्या मे महिन्यात बंधूंनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती. त्यांची दृष्टी मंदावली होती, पण ते कबूल करीत नव्हते. त्या दिवशी चार माणसांदेखत आम्ही त्यांना म्हणालो, ‘‘दादा, कुणाचा जीव घ्यायचाय का? किल्ली द्या इकडे.’’ त्यांनी किल्ली आमच्या तळहातावर ठेवली. पुन्हा कधी मागितली नाही. बोललो ते खरेच होते. पण ते असे, त्या स्वरात बोलायला नको होते. ती गोष्ट काढण्याचे धैर्य त्यांच्या हयातीत आम्हांला झाले नाही.

दुपारी तो तरुण जेवायला घरी गेला. त्याचे दुसरे यंत्र, एकेरी वेगाने गरगरणारे, ओटीवर पडले होते. दाबले तरी ते थांबत नाही, हे त्याने सांगितलेले आमच्या ध्यानात होते, आणि म्हणूनच आम्ही ते उचलले. ओरखडा फिका होऊ लागला. आम्ही आणखी दाबले. पत्रा तापला. यंत्र थांबवून पाहतो, तो पांढऱ्या गादीवर निळा रंग! पारदर्शक लेप संपून आम्ही रंगात उतरलो होतो. दारावर तळहाताएवढा निस्तेज डाग पडला होता, आणि ओरखडा त्याच्या मधोमध तसाच होता.

आठवड्याने गिऱ्हाईक आले. बॉनेट पाहून ते खूश झाले. दाराशी येताच म्हणाले, ‘‘इथं नंतर रंग मारलाय का? अपघात लपवलाय?’’ अपघात झालेला नाही, हे आमचे हातचे काम आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी विश्वास ठेवला असावा. तरी पाच हजार कमी केले. नुसत्या ओरखड्याचे त्यांनी काही कापले नसते.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर आम्ही पाकिटातून पाच हजार काढले. वहिनींनी ते घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘‘सगळी गाडी सोडून तुम्ही त्याच दाराला का लागलात, ते मला कळत नाही असं वाटतं का, भावजी?’’ आणि चहा टाकायला आत गेल्या.

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. खांबावर निळ्या रंगाची एक बारीक रेघ अजून आहे. तिला आम्ही हात लावलेला नाही.