मालेला किती वाजता उतरणार?

बेटावरच्या सुट्टीबद्दल लिहा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांना बहुधा पाच-सहा चांगल्या रिसॉर्टांची नावं अपेक्षित असणार. ती मी देत नाही. मालदीवमध्ये चांगली रिसॉर्टं इतकी आहेत की नावांच्या यादीने वाचकाचं फारसं भलं होत नाही. ज्या गोष्टीवरून सुट्टी सुखाची होते किंवा बिघडते, तिच्याकडे मात्र जवळपास कुणाचंच लक्ष नसतं, आणि ती गोष्ट म्हणजे मालेच्या विमानतळावर आपण किती वाजता उतरतो. लोक येतात ते पाण्यावरच्या व्हिलाचा फोटो मोबाइलवर घेऊन. आधी खोली ठरते, मग तारखा, मग स्वस्तात स्वस्त विमान. आणि विमानतळापासून बेटापर्यंत कसं जायचं हा प्रश्न सगळे पैसे भरून झाल्यावर निघतो. सहली आखण्याचं काम करताना माझं जे ठाम मत झालं आहे ते असं, की हा क्रम पूर्ण उलटा हवा. आधी उतरण्याची वेळ, तिच्यावरून बेटापर्यंतचं वाहन, वाहनावरून अ‍ॅटॉल (म्हणजे प्रवाळबेटांचा कडीसारखा समूह), आणि अ‍ॅटॉल ठरला की मग त्यातलं रिसॉर्ट. खोलीचा फोटो सगळ्यात शेवटी.

याचं कारण त्या देशाच्या ठेवणीतच आहे. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत आणि ती उत्तर-दक्षिण साडेआठशे किलोमीटरच्या आसपास पसरलेली आहेत. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून तिथे धोरण राहिलं ते एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि तेही स्थानिक वस्तीपासून वेगळ्या बेटावर. फोटोत जो निवांतपणा दिसतो तो या धोरणाने दिलेला आहे, पण त्याच धोरणामुळे प्रत्येक रिसॉर्टला जाण्याची वाट वेगळी. गोव्यात दाबोळीला उतरलं की टॅक्सी कुठेही नेते, रात्री दोनलाही नेते. मालेला मोठं विमान उतरतं ते हुलहुले बेटावर. तिथून रस्ता जातो तो पूल ओलांडून माले शहरात आणि भराव घालून उभारलेल्या हुलहुमालेत. तिथे रस्ता संपतो. पुढे पाणी. जवळच्या रिसॉर्टना स्पीडबोट जाते, रात्रीही जाते. लांबच्यांना एक तर सीप्लेन, नाही तर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. १९९० च्या दशकात सीप्लेन आली आणि लांबचे अ‍ॅटॉल पर्यटनासाठी खुले झाले, एवढं तिचं ऋण मोठं आहे. पण तिच्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके या धंद्यात दुसऱ्या कशाबद्दल नाहीत.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की सीप्लेन हे एक विमान आहे आणि विमानं रात्रीही उडतात, तेव्हा थोडे पैसे जास्त दिले की काम होईल. होत नाही. इथे मला थोडं तांत्रिक बोलावं लागेल, वाचकांनी सांभाळून घ्यावं. ही विमानं म्हणजे कॅनेडियन बनावटीची ट्विन ऑटर. दोन इंजिनं, चाकांच्या जागी तरंगणारे दोन लांब पोकळ फ्लोट, आणि आत साधारण पंधरा माणसांची सोय. ती चालतात ती नजरेने उडण्याच्या नियमांखाली, म्हणजे पायलटला क्षितिज, ढग आणि खालचं पाणी प्रत्यक्ष दिसलंच पाहिजे. रिसॉर्टजवळच्या समुद्रात धावपट्टी नसते, कडेचे दिवे नसतात. पायलट वरून पाण्याचा रंग पाहून खोली ओळखतो, लाटांवरून वाऱ्याची दिशा ताडतो, प्रवाळाचे उथळ कट्टे आणि वाहत आलेली लाकडं टाळतो आणि मगच उतरतो. पाणी अगदी शांत, आरशासारखं असेल तरी अडचणच, कारण पृष्ठभाग नेमका किती खाली आहे याचा नजरेला अंदाज येत नाही. जे काम भरदुपारी इतकं डोळ्यांवर अवलंबून आहे ते अंधारात करणं म्हणजे जिवाशी खेळ. माले विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम चार अंशांवर आहे, त्यामुळे बाराही महिने सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड राहील ही आशा तिथे चालत नाही. शेवटची सीप्लेन रिसॉर्टला पोचून परत यायला हवी, म्हणून सर्वसाधारण नियम असा, की आंतरराष्ट्रीय विमान दुपारी साडेतीनच्या आत उतरलं तरच त्या दिवशी सीप्लेन मिळण्याची खात्री धरावी. अख्खं विमान भाड्याने घेणाऱ्यालाही हाच सूर्य आणि हाच नियम.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. सीप्लेनच्या तिकिटावर वेळ नसते, म्हणून लोक चिडतात आणि आम्हाला फोन करतात. दुसऱ्या दिवशी कोणत्या विमानाने कोण येणार, कोणत्या बेटावर किती जण उतरणार आणि किती जण चढणार, हे सगळं जमवून कंपनी आदल्या संध्याकाळी मार्ग आखते. शेअर रिक्षाचा हिशोब तोच इथे आकाशात. आपलं बेट पहिलं की तिसरं हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे वीस मिनिटांचा प्रवास पाऊण तासाचा होतो आणि विमानतळाच्या लाउंजमध्ये दोन-तीन तास बसावंही लागतं. आत शौचालय नाही, वातानुकूलन नाही, आणि इंजिनांचा आवाज असा की कानात बोळे घालायला देतात. सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, वजनकाट्यावर मोजूनच; त्यापुढे किलोमागे पैसे. ज्यांना हे आधी माहीत असतं ते या उड्डाणाचा मनापासून आनंद घेतात, आणि घ्यावाच. वरून दिसणारी प्रवाळाची कडी, तिच्या आतलं फिकट हिरवं आणि बाहेरचं गडद निळं पाणी, हे दृश्य मोठ्या विमानाच्या उंचीवरून असं दिसत नाही.

आता हे सगळं एका कुटुंबावर लावून पाहू. अशी कुटुंबं आज महाराष्ट्रात घरोघर आहेत. समजा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं न्यू जर्सीत, आईवडील पुण्यात. मालदीवमध्ये पाच रात्री एकत्र घालवायच्या. आईवडिलांचं सोपं आहे; मुंबईहून माले थेट विमानाने तीन तासांच्या आत. मुलाचं कुटुंब न्यूयॉर्कहून आखाती शहरापर्यंत बारा-तेरा तास आणि तिथून मालेपर्यंत आणखी चार-पाच तास. त्यांचं विमान साडेचारला उतरतं असं धरा. पासपोर्टची रांग, सामान, कस्टम्स यांत साडेपाच वाजतात. दुपारी बाराला उतरलेले आईवडील एव्हाना बाकावर अवघडून गेलेले. सीप्लेन संपलेली. आणि रिसॉर्टचं बुकिंग त्याच रात्रीपासून सुरू असल्याने दोन व्हिलांचे त्या रात्रीचे पैसे वाया, शिवाय हुलहुमालेत ऐनवेळी हॉटेल शोधा. इंटरनेटवर तिकिटांचे दर लावून बघताना या विमानात माणशी साठ-सत्तर डॉलर वाचलेले दिसतात. पूर्ण सहलीच्या हिशोबात किती गेले ते तिथे दिसत नाही.

यावर मी सुचवतो ते असं. मुलाचं विमान आखातातून मध्यरात्री निघून सकाळी मालेला पोचणारं घ्यावं, किंवा संध्याकाळचंच सोयीचं असेल तर पहिली रात्र सरळ हुलहुमालेत ठरवून काढावी आणि रिसॉर्ट दुसऱ्या दिवसापासून घ्यावं. लहान मुलं आणि सत्तरीचे आईवडील सोबत असतील तर मला दुसरा पर्याय जास्त पटतो. यावर हरकत ठरलेली: एवढ्या लांब जाऊन एक रात्र शहरात कशाला घालवायची? पण न्यू जर्सी आणि मालदीव यांच्या घड्याळांत नऊ-दहा तासांचा फरक आहे. शरीर रोज साधारण एका तासाने सरकतं. वीस तासांच्या प्रवासानंतरची पहिली रात्र कुठेही काढली तरी ती अर्धवट झोपेचीच असते. मग ती हजार डॉलरच्या व्हिलात काढण्यात काय अर्थ? विमानतळापासून पंधरा मिनिटांवर आंघोळ, गरम जेवण आणि सपाट बिछाना मिळतो, सगळे एकत्र भेटतात आणि सकाळच्या सीप्लेनने दुपारच्या आत बेटावर पोचतात. हुलहुमाले ही स्थानिक वस्ती आहे, तिथे दारू मिळत नाही आणि किनाऱ्यावर कपड्यांचे संकेत पाळावे लागतात, एवढं आधी सांगून ठेवलं की पुरे.

तिसरा पर्याय लोक फार कमी विचारात घेतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बा अ‍ॅटॉलचंच उदाहरण घ्या. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, आणि तिथल्या हनिफारू उपसागरात पावसाळी महिन्यांत मांटा रे थव्याने येतात. तिथल्या रिसॉर्टना सीप्लेनने जाता येतं, तसंच मालेहून धरवंधू या बेटावरच्या छोट्या विमानतळापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांच्या साध्या विमानाने आणि पुढे स्पीडबोटीनेही जाता येतं. धावपट्टी आहे, दिवे आहेत, त्यामुळे अंधार पडल्यावरही विमान जातं. आणि बहुतेकदा खर्चही कमी येतो. मग लोक सीप्लेनच का मागतात? कारण जाहिरातीत तीच असते, आणि आम्ही सहली विकणारेही तीच दाखवतो, हे मान्य केलं पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीप्लेनच्या अरुंद शिडीवरून चढायचं आणि रिसॉर्टजवळ हलत्या तराफ्यावर उतरून पुन्हा बोटीत पाय टाकायचा, हे फोटोत दिसत नाही. अर्थात बोटीचेही धक्के बसतात. मे ते ऑक्टोबरमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांत समुद्र खवळलेला असतो, आणि आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीचा शेवट नेमका त्यातच येतो. पाठीचा त्रास असणाऱ्याने तेव्हा लांबचा बोटप्रवास टाळावा. म्हणजे एकच वाहन सर्वांना चांगलं असं नाही. माणसं आणि महिना पाहून ते निवडावं लागतं.

जवळच्या रिसॉर्टबद्दलही एक आक्षेप नेहमी येतो: माले अ‍ॅटॉलमधलं, स्पीडबोटीने अर्ध्या तासावरचं बेट म्हणजे खरं मालदीव नव्हे. मला हे पटत नाही. प्रवाळ, मासे, पांढरी वाळू तिथेही आहे. रात्री क्षितिजावर शहराचे दिवे दिसतील, विमानांचा आवाज कधीमधी येईल, एवढा फरक मी नाकारत नाही. पण चार रात्रींच्या सुट्टीत जाण्यायेण्यात दोन अर्धे दिवस वाचत असतील तर तो सौदा चांगला आहे. सात-आठ रात्री असतील तर लांब जावं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. सीप्लेनचं जाण्यायेण्याचं भाडं प्रौढ माणशी साधारण ४०० ते ७०० डॉलर, मुलांना कमी. वरच्या कुटुंबाचा आकडा सहज अडीच हजार डॉलरच्या घरात जातो. खोलीच्या दरावर १० टक्के सेवा आकार आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन कर, त्याशिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर. सहा माणसं आणि पाच रात्री म्हणजे नुसता हरित करच ३६० डॉलर. मोबाइलवर दिसणाऱ्या पहिल्या दरात यातलं बरंचसं नसतं, आणि मग एजंटने पैसे लावले असा आरोप होतो. कोटेशनच्या पहिल्याच पानावर उतरण्याची वेळ, बेटापर्यंतचं वाहन, बेटावर पाऊल ठेवण्याची अंदाजे वेळ आणि हे सगळे कर लिहिलेच पाहिजेत, असा नियम आमच्या व्यवसायाने स्वतःहून करावा असं मला फार वाटतं. रात्री किती, हे सगळे लिहितात; त्यांतल्या बेटावर प्रत्यक्ष किती, हे क्वचितच कुणी लिहितं.

परतीचा हिशोब हाच, फक्त उलट दिशेने. पहिली सीप्लेन उजाडल्यावर सुटते, त्यामुळे सकाळी नऊच्या आधीचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आदल्या दिवशीच मालेला यावं लागतं. काही रिसॉर्टं आपली घड्याळं मालेच्या एक तास पुढे ठेवतात. सीप्लेनची वेळ कोणत्या घड्याळाची, ते आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षात विचारून घ्यावं. तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढच्या विमानकंपनीवर कसलीच जबाबदारी नसते, म्हणून माले ते न्यूयॉर्क एकाच तिकिटावर असावं. आणि स्कूबा करणाऱ्यांनी एक पथ्य पाळलंच पाहिजे: रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून सलग काही दिवस बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात. सीप्लेन कमी उंचीवरून उडते हे खरं, पण तिच्या पाठोपाठ मोठं विमान असतं, म्हणून सीप्लेन सुटण्याच्या वेळेपासूनच मागे मोजणं शहाणपणाचं. ती सकाळी सातची असेल तर शेवटची बुडी आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी संपलेली असावी, आणि डायव्हिंग सेंटरमध्ये नाव नोंदवतानाच तिथल्या प्रशिक्षकाला परतीची वेळ सांगून ठेवावी.