सर्वांना प्रवेश खुला

नोटीस बोर्डावर कागद लावायला चार टाचण्या लागतात. मी दोनच वापरते, वरच्या. खालच्या वाचवल्या की त्याच डबीत आणखी पाच-सहा बोर्ड होतात. वारा आला की पोस्टर फडफडतं, पण फडफडणाऱ्या कागदाकडे लोक जरा जास्त बघतात असं माझं निरीक्षण आहे.

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमए करते आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहे. रोज थोडे तास ऑफिसात काम करायचं, तासाप्रमाणे पैसे मिळतात, त्यातून मेसचं भागतं. शिकत असताना स्वतःच्या कष्टावर उभं राहायचं ही मूळ कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्या काळातल्या मुलांना शेतात राबावं लागायचं. माझ्या वाट्याला फायली लावणं, झेरॉक्स आणणं आणि पोस्टर चिकटवणं आलंय. चारशे अकरा एकरांचा परिसर आहे. जयकर ग्रंथालय, वेगवेगळे विभाग, हॉस्टेल, कॅन्टीन असं सगळीकडे फिरायचं तर पाय दुखतात, पण पुढच्या पंधरा दिवसांत कॅम्पसवर कोण काय बोलणार आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मैत्रिणी मला ‘आगामी’ म्हणतात.

प्रत्येक पोस्टरचा साचा ठरलेला. वर बोधचिन्ह, मध्ये वक्त्याचा फोटो, विषय, दिनांक, वेळ, स्थळ. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात: सर्वांना प्रवेश खुला.

पहिल्या सेमिस्टरला मी ही ओळ शेकडो वेळा चिकटवली आणि आत एकदाही गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. पण ‘सर्वांना’ म्हणजे नक्की कुणाला, हे कागदावर लिहिलेलं नसतं. मला वाटायचं, सर्व म्हणजे ज्यांना वक्त्याचं नाव आधीपासून माहीत आहे ते. जे हॉलमध्ये शिरल्याबरोबर तिसऱ्या रांगेत कुणालातरी हात करतात ते. शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत मैत्रिणीबरोबर गेले होते, तिथल्या गेटवर वॉचमन काकांनी विचारलं, “कुणाकडे काम आहे?” आता व्याख्यान ऐकायला आलेल्या माणसाचं कुणाकडे काम असतं? मैत्रीण म्हणाली, “लेक्चर आहे ना.” त्यांनी आमच्याकडे, मग रजिस्टरकडे, मग पुन्हा आमच्याकडे बघितलं. आमच्यामागून आलेल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना मात्र काही न विचारता सोडलं.

पोस्टरांची पिशवी खांद्याला लावून मुख्य इमारतीवरून जाताना मला हे हमखास आठवतं. १८७१ साली पूर्ण झालेली ही इमारत मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांसाठी बांधली होती, पावसाळ्यातल्या मुक्कामाला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच झाला. तो आटोपून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर बंधूंची ही गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकतो. मला त्यातला एक साधा तपशील जास्त खुपतो: ते बाहेर, रस्त्यावर वाट बघत होते. आत जायला निमंत्रण लागायचं. त्याच आवारात १९४९ मध्ये विद्यापीठ आलं आणि आता मी तिथे प्रवेश खुला असल्याचे कागद लावत फिरते. सव्वाशे वर्षांत एवढा बदल झाला, हे काही कमी नाही. गेटवरचा माणूस बदलायला जरा जास्त वेळ लागतो, इतकंच.

खरं तर विद्यापीठ मला आधी माझ्या गावात भेटलं होतं. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर), कर्जत तालुक्यात. मी आठवीत होते. बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला भरते, गावोगावी. जयकर हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ग्रंथालयालाही त्यांचंच नाव आहे. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेच्या बाहेरचं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या टाकल्यात आणि पुण्याहून कुणी सर येणारेत. ते काय बोलले त्यातलं आज फारसं आठवत नाही. पण समोर आमचे शेजारीपाजारी बसले होते आणि कुणालाही ‘काम काय आहे’ विचारलं नव्हतं. व्याख्यान संपल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांना विहिरीच्या पाण्याबद्दल काहीतरी विचारलं, विषयाशी अजिबात संबंध नसलेलं, आणि सरांनी खाली बसून उत्तर दिलं.

पुण्याला भाषणांचं अप्रूप नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. इथे उन्हाळ्यात आंब्याबरोबर व्याख्यानंही येतात. त्यामुळे या शहरात ऐकणाऱ्यांची एक तयार जमात आहे. पिशवीत पाण्याची बाटली आणि स्वेटर, वेळेआधी दहा मिनिटं हजर, आणि प्रश्नोत्तरांत “माझा प्रश्न नाही, एक छोटीशी टिप्पणी आहे” म्हणून सात मिनिटं बोलणारी. मला ही माणसं आवडू लागली आहेत. निदान ती येतात.

कारण न येणाऱ्यांसाठीही कार्यक्रम होतात. महाविद्यालयांचं मूल्यांकन नॅक करतं आणि त्यासाठी कार्यक्रमांचे पुरावे लागतात, तेही जिओटॅग फोटोसकट. म्हणजे फोटोच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात पदवी घेतलेल्या मुलामुलींनी हे बघितलंय. ऐन वेळी दुसरं वर्ष उठवून सभागृहात बसवतात. दीपप्रज्वलनाला समई पेटत नाही, पंखा बंद करतात, मग पेटते. शाल, श्रीफळ, हल्ली श्रीफळाऐवजी रोपटं. वक्त्यांचा परिचय छापील बायोडेटावरून, त्यात शोधनिबंधांची संख्यासुद्धा. प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. या सगळ्यात ज्यांना बोलायला बोलावलं त्यांना पंचवीस मिनिटं उरतात. आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र. माझी रूममेट कुठल्याही व्याख्यानाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारते, “अगं, सर्टिफिकेट आहे का?” ती एमपीएससी करते, तिच्याकडे वेळ मोजून असतो, तिचा प्रश्न चुकीचा नाही. तिला तीन वर्षं हेच शिकवलं गेलंय की व्याख्यान म्हणजे हजेरी.

दुसऱ्या सेमिस्टरला मी आत जायला लागले ते आयुकापासून. कॅम्पसवरच आहे. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक, वास्तू चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत. संध्याकाळी त्यांच्या आसपास कुणी डबा खात असतं, कुणी फोनवर भांडत असतं, आणि हे चौघं आपापल्या विचारात. मी विज्ञानाची नाही. तिथल्या चंद्रशेखर सभागृहात पहिलं व्याख्यान ऐकलं तेव्हा निम्मंही कळलं नाही. मजा अशी की माझ्या शेजारी बसलेल्या फिजिक्सच्या मुलालाही सगळं कळलं नव्हतं, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. तो वहीत प्रश्नचिन्ह काढून पुढे जात होता. न कळलेल्या गोष्टीशेजारी तासभर शांत बसता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे न कळणं म्हणजे नापास होणं.

नारळीकरांची एक गोष्ट तिथे वारंवार ऐकू येते. मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मोठी झालेली किती तरी मुलं जपून ठेवलेल्या पोस्टकार्डांचे फोटो टाकत होती. त्या पत्राला नुसतं ‘मी तुमचा फॅन आहे’ चालायचं नाही, प्रश्न लागायचा. प्रवेशशुल्क म्हटलं तर तेवढंच.

आता त्या व्याख्यानाबद्दल, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले.

पोस्टर साधं होतं, एका रंगातलं. विषय बहात्तरचा दुष्काळ. वक्त्या बाहेरगावच्या, अर्थशास्त्राच्या. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं. मॅडम इंग्रजीत बोलत होत्या, मध्येच मराठीत यायच्या. वि. स. पागे यांनी विसापूरला १९६५ मध्ये केलेला रोजगार हमीचा पहिला प्रयोग, मग दुष्काळ, मग १९७७ चा कायदा आणि त्याच्या कितीतरी नंतर, २००५ मध्ये, देशभरासाठी झालेला कायदा. पडद्यावर एक आलेख आला. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या महिन्यागणिक चढत जाते आणि मे १९७३ मध्ये टोकाला पोचते: सुमारे पन्नास लाख.

त्या पन्नास लाखांत माझी आजी आहे.

तिनं खडी फोडलीय. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मोठे काका पोटाशी होते. आमच्या घरात कुणी ताटात टाकलं की ‘बहात्तरला असता म्हंजे कळलं असतं’ हे ठरलेलं वाक्य. सुकडी, मिलोच्या लाल भाकरी, या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्यात की मला त्यांचा कंटाळा यायचा. आणि इथे एसी हॉलमध्ये एक बाई लेझर पॉइंटरनं त्या रेषेच्या टोकावर लाल ठिपका धरून उभी होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. टिप्पणीवाले काका झाले, दोन पीएचडीची मुलं झाली. मी हात वर केला. माइक येईपर्यंत इंग्रजी वाक्य जुळवत होते, माइक आला आणि मी मराठीतच बोलले. म्हटलं, माझी आजी या कामावर होती. ती सांगते की बायकांच्या टोळ्या ठरलेल्या असायच्या, एक जण आळीपाळीनं बाभळीखाली सगळ्यांची पोरं सांभाळायची आणि तिच्या वाटची खडी बाकीच्या फोडून द्यायच्या. मुकादमाच्या मस्टरवर तिची हजेरी लागायची, पण त्या दिवशी तिनं दगडाला हात लावलेला नसायचा. तर तुमच्या आकड्यात ती मजूर म्हणून मोजलीय, ते बरोबर आहे का?

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन मागितलं, कारण त्यांच्याकडे फक्त तो पॉइंटर होता. मग म्हणाल्या, “पोरं सांभाळणं हेसुद्धा कामच की. पण बायकांनी ते असं वाटून घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तुमचं गाव कोणतं?” आणि लिहून घेतलं.

यूट्यूबवर याच विषयावर भरपूर सापडेल, मी नंतर बघितलंय. मॅडमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा नेटकं एडिट केलेलं. दीडपट वेगानं बघता येतं, झोपून बघता येतं. फक्त ते थांबून पेन मागत नाही. मला तोवर वाटायचं की हॉलमध्ये ज्ञान समोरून मागे जातं, पहिल्या रांगेकडून शेवटच्या रांगेकडे, आणि आपल्यापर्यंत पोचेल तेवढं आपलं. त्या संध्याकाळी काहीतरी मागून पुढे गेलं. ते माझं नव्हतं, आजीचं होतं. माझ्याकडे फक्त माइक होता.

रात्री घरी फोन लावला. आजीला सगळं सांगितलं. तिला फारसं नवल वाटलं नाही. “त्या बाईला ही नोकरी हाय का?” म्हणाली. हो म्हटलं. “मंग बरं हाय.” थोडं थांबून म्हणाली, “पोरं सांभाळायला मीच जास्त करून असायची. मला उन्हाचं चक्कर यायचं ना. हे न्हाई सांगितलंस ना तिला?” नाही म्हटलं, मला कुठे माहीत होतं. “नगं सांगू.”

तर ते मी मॅडमना कळवलेलं नाही. इथे लिहितेय, कारण आजीला वाचता येत नाही आणि मी तिला विचारून लिहितेय. विचारल्यावर म्हणाली, “आता लिही. मुकादम मेला.”

तेव्हापासून पोस्टर लावताना मी एक गोष्ट करते. ऑफिसनं सांगितलेली नाही. मेसच्या भटारखान्याच्या दाराशी, जिथे भाज्यांचे भाव आणि सुट्टीची पाळी लिहिलेली असते, तिथे एक प्रत लावते. चार टाचण्यांनी, कारण तिथे वाफेनं कागद गळून पडतो. आधी तिथल्या मावश्यांनी त्याच्यावर गॅस एजन्सीचा नंबर लिहिला. मग एकीनं विचारलं, “ह्यो कोण?” ते एक प्राध्यापक होते, मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात, “आता कोण?” फेब्रुवारीचं पोस्टर मात्र त्यांनी स्वतः मागून घेतलं. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून. त्या दिवशी आयुका सगळ्यांसाठी उघडी असते, शाळेतल्या पोरांची जत्रा भरते, प्रयोग असतात.

भाकरी करणाऱ्या मावशींचा मुलगा सातवीत आहे. त्याला दुर्बीण बघायचीय. त्यांनी पीठ लागलेल्या बोटानं पोस्टरवरच्या शेवटच्या ओळीवर टिचकी मारली आणि विचारलं, “हितं आमी आलं तर कुनी काय म्हननार न्हाई ना?”

मी म्हटलं, मी गेटवर थांबते. सकाळच्या पोळ्या उरकून त्या साडेअकराला येणारेत. मुलाला सांगून ठेवलंय, येताना एक प्रश्न घेऊन ये. त्यानं तीन लिहून ठेवलेत म्हणे, त्यातला एक ब्लॅक होलचा आहे आणि एक, चंद्रावर भाकरी फुगेल का.