मलिका-ए-सबाचा नसलेला महाल

बाइटब्रिजला लिम्पोपो नदी ओलांडली की दक्षिण आफ्रिका संपते आणि झिम्बाब्वे सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जोहान्सबर्गला नणंदेकडे गेलो होतो. तिथून भाच्याच्या गाडीने झिम्बाब्वे पाहायचा, जाता जाता बोट्सवानाच्या कडेला टेकायचं आणि परत यायचं, असा बारा दिवसांचा बेत ठरला. सीमेवर मालट्रकांची भली मोठी रांग. कागदपत्रं होईपर्यंत दुपार झाली. जोहर-असर कसर करून तिथेच सावलीत उरकली आणि मस्विंगोचा रस्ता धरला.

रस्ताभर दोन्ही बाजूंना गोरखचिंचेची प्रचंड झाडं, पानं गळालेली, मुळं आभाळात असल्यासारखी. जेवायला ‘साद्झा’, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी. हाताने गोळा करून खायचा. आपल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून आवडू लागतो.

मस्विंगोपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर ग्रेट झिम्बाब्वेचे अवशेष आहेत. शोना भाषेत दगडांची घरं या अर्थाच्या शब्दावरून ‘झिम्बाब्वे’ हे नाव पडलं आणि १९८० साली स्वातंत्र्य मिळाल्यावर तेच देशाचं नाव झालं. मोठ्या वाड्याची बाहेरची भिंत गोलाकार फिरत जाते. घेर सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटर. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवलेला. इथला ग्रॅनाइट दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन आपोआप थरांमध्ये सुटतो, त्यामुळे विटेसारखे सपाट तुकडे मिळतात. भिंतीच्या वरच्या कडेला नागमोडी नक्षी आहे. ती बघताना मला आमच्याकडच्या चटईची वीण आठवली. आत निमुळता, मिनारासारखा बुरूज. खजिना असेल म्हणून लोकांनी तो खणून पाहिला, पण तो आतून भरीव निघाला.

अकराव्या ते पंधराव्या शतकात इथे हजारोंची वस्ती होती. गुरांचे कळप ही त्यांची दौलत आणि सोन्याचा व्यापार हे सामर्थ्य.

भाचा म्हणाला, “मामी, आमच्याकडे काहीजण सांगतात, हे अरबांनी बांधलं.”

मी ते ऐकलं आणि मला कार्ल माउखची गोष्ट आठवली. हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये इथे पोहोचला. दारावरच्या लाकडाचा तुकडा त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. म्हणजे हे सीडार, म्हणजे लेबनॉनहून आलेलं, म्हणजे हा महाल शेबाच्या राणीचा! शेबाची राणी म्हणजे आपली मलिका-ए-सबा बिल्किस. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्याबरोबरचा तिचा किस्सा आपल्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतो. त्या किश्श्यात इथल्या भिंतींचा मागमूस नाही. एका पेन्सिलीवरून माउखने तिला थेट आफ्रिकेच्या पोटात आणून बसवलं.

गोऱ्यांना ही कल्पना फारच सोयीची होती. इथल्या काळ्या माणसांच्या पूर्वजांनी असं काही उभारलं असेल, हे मान्य केलं तर त्यांची जमीन कुठल्या तोंडाने घ्यायची? १८९५ मध्ये जुन्या अवशेषांतलं सोनं काढायला रीतसर कंपनीच निघाली, आणि कितीतरी दागिने वितळवले गेले. पुढे रिचर्ड हॉल नावाच्या अधिकाऱ्याने साफसफाईच्या नावाखाली वाड्यातले मातीचे थर उपसून टाकले. ज्या थरांत इतिहास होता, तेच गेले. तरी उरलेल्या मातीने साक्ष दिली. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंनी खणून दाखवलं की हे काम इथल्याच माणसांचं, मध्ययुगातलं. एवढं होऊनही गोऱ्या सरकारला ते पचलं नाही. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला.

आता अरबांचं. किल्वा हे आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरचं बेट, तेव्हाचं भरभराटीचं मुस्लिम बंदर. इब्न बतूता १३३१ मध्ये तिथे गेला. तिथला सुलतान अल-हसन बिन सुलैमान याच्या दानशूरपणाची त्याने तोंडभरून तारीफ केली आहे. याच सुलतानाचं नाणं ग्रेट झिम्बाब्वेला सापडलं. नाण्याबरोबर इराणी आणि चिनी भांड्यांचे तुकडे, हिंदुस्थानातले काचेचे मणी. इथलं सोनं सोफाला बंदरातून किल्व्याला जाई आणि बदल्यात हा माल येई. पुढे दौलताबाद आणि आपला किनारा पाहणारा इब्न बतूता तो हाच, म्हणून मला हे सगळं फार जवळचं वाटलं.

पण नाणं सापडलं म्हणजे भिंत आपली झाली का? गिऱ्हाईक आणि गवंडी यांत फरक आहे. माउखने बिल्किसचं नाव घेतलं आणि आपण अरबांचं घ्यायचं, तर शोनांच्या पूर्वजांच्या वाट्याला दोन्हीकडून काहीच उरत नाही. मी भाच्याला एवढंच सांगितलं की किल्व्याच्या मुसलमानांनी इथे इमानदारीने व्यापार केला असेल तर तेवढा मान त्यांना पुरेसा आहे. तो हसला. पटलं की नाही ते त्याने सांगितलं नाही.

इथल्या संग्रहालयात साबणदगडातून कोरलेले पक्षी आहेत. झिम्बाब्वेच्या झेंड्यावर दिसतो तो हाच पक्षी. एक पक्षी १८८९ मध्ये उपटून सेसिल ऱ्होड्सला विकला गेला. दुसऱ्या एका पक्ष्याचा तुकडा जर्मनीत गेला होता, तो २००३ मध्ये परत आला.

बुलावायोत मुक्काम करून आम्ही ह्वांगे अभयारण्यात गेलो. सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे रायगड आणि रत्नागिरी हे दोन जिल्हे मिळून होतात जवळजवळ तेवढं. एवढ्या जंगलात बारमाही नदी एकही नाही. पहिले अधिकारी टेड डेव्हिसन यांनी बोअर खणून पाणवठे तयार केले. आजही उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी उपसून सोडतात, तेव्हा जनावरं जगतात. एका हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं. पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून आम्ही तीन तास पाहत होतो. एक कळप पिऊन वळला की दुसरा धूळ उडवत येई. पिल्लं मोठ्यांच्या पायांमधून वाट काढत. बाजूला जिराफ पुढचे पाय फाकवून वाकलेला, झेब्रे हत्तींच्या जाण्याची वाट बघत उभे. त्या पाण्याखाली एक पंप चालू आहे हे माहीत असल्यामुळे मला सारखी धास्ती वाटत होती. २०१९ च्या दुष्काळात झिम्बाब्वेच्या जंगलांत दोनशेहून अधिक हत्ती मेले. तहानलेला हत्ती अभयारण्याची हद्द ओळखत नाही. तो गावच्या शेतात शिरतो आणि मग शेतकऱ्याचं वर्षाचं धान्य जातं. आमच्या वाटाड्याचं घर तशाच एका गावात होतं. हत्तींबद्दल तो प्रेमाने बोले, पण मक्याच्या शेताचा विषय निघाला की गप्प होई.

शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. इथल्या लोकांनी त्याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, म्हटलं. १८५५ मध्ये आलेल्या लिव्हिंग्स्टनने त्याला आपल्या राणीचं नाव दिलं. रुंदी १,७०८ मीटर. पण ऑक्टोबरच्या शेवटी झांबेझीला पाणी कमी असतं. झांबियाकडचा कडा बराचसा कोरडा, काळा दगड उघडा पडलेला. झिम्बाब्वेच्या बाजूला मात्र धारा पडत होत्या आणि आमच्या ओढण्या भिजल्या. धबधबा भरलेला पाहायचा तर मार्च ते मे या महिन्यांत यावं. तेव्हा मात्र जंगल हिरवं असतं, जनावरं पांगलेली असतात आणि आपल्या शाळांच्या परीक्षा असतात.